काट्यावरून आलेला चहा

शांताबाईनं उर्वशीला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते तिचा चहा भरल्या ग्लासानिशी परत आला तेव्हा.

सौंसरहून लोधीखेड्याकडे निघालं की गाव संपता संपता भूपेंद्र शेठची जिनिंग, कापसातून सरकी काढायची गिरणी, लागते. फाटकातून आत शिरल्यावर लगेच वजनकाटा. जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा, त्यावर अख्खी ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहते. काट्याला लागून खिडकी असलेली लहानशी केबिन, आणि केबिनीतून हाक मारली तर ओ देता येईल एवढ्या अंतरावर शांताबाईची चहाची टपरी. टपरी नवऱ्यानं टाकली होती. तो गेला, टपरी राहिली. दिवाळीनंतर कापूस निघायला लागला की गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर जाते आणि शांताबाईचा स्टोव्ह दिवसभर विझत नाही.

त्या दिवशी रांगेतल्या कोणी तरी सांगितलं होतं, "मावशी, खिडकीतल्या ताईले एक पेशल द्या. माझ्याकडून."

खिडकीतली पोरगी नवीन होती. शांताबाईनं आलं जरा जास्तच ठेचलं, ग्लास काठोकाठ भरला आणि स्वतः नेऊन खिडकीत ठेवला. ती वळून टपरीवर पोचते न पोचते तोच पोरगी ग्लास घेऊन मागोमाग हजर. चहाला ओठ लागलेला नव्हता. वर साय धरायला लागली होती.

"मावशी, राग नका मानू. तुमचा चहा चांगला राहते, वासावरूनच समजते. पण काट्यावरून आलेला मी नाही पीत. दुपारच्या सुट्टीत मी येईन, माझा मी घेईन."

"काट्यावरून आलेला म्हंजे काय व? मी काय काट्यावर उकळून राहिली का चहा?"

"ज्याची गाडी रांगेत उभी आहे, त्यानं पाठवलेला," पोरगी म्हणाली, ग्लास फळीवर ठेवला आणि परत खिडकीत जाऊन बसली.

शांताबाईचं डोकं भणाणलं. इतक्या वर्षांत तिचा चहा कोणी परत केला नव्हता. पोलीस आले, पटवारी आले, शेठचे पाहुणे आले, सगळ्यांनी फुंकून फुंकून प्यायला. आणि ही कालची पोट्टी! तिनं तो चहा रागारागानं मोरीत ओतला आणि शेजारी बसलेल्या हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कॉलेज शिकल्या म्हंजे यायची जीभ दुसऱ्या मापाची होते."

पण राग आला की शांताबाई त्या माणसाकडे जास्तच बारकाईनं पाहते, ही तिची जुनी खोड. ती पाहत राहिली. उर्वशी डोंगरे, लोधीखेड्याची. वडील गौतम डोंगरे नगरपंचायतीत पाण्याच्या नळावर होते, आता निवृत्त. पोरगी अंगानं काटकुळी, ओढणी दोन्ही खांद्यांना पिन लावून घट्ट बसवलेली, पेन खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेलं, कारण लोक सही करून पेन खिशात घालतात. बोलणं हळू. इतकं हळू, की खिडकीवर येणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज खाली आणावा लागायचा. दुपारी ती खरोखरच आली. फळीच्या टोकाला बसून एक कट चहा प्यायली, ग्लास स्वतः विसळून पालथा ठेवला आणि म्हणाली, "मस्त झाला, मावशी."

"होईन नाही तर काय," शांताबाई फणकाऱ्यानं म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी त्या वेळेला तिनं आलं ठेचून तयार ठेवलं होतं.

कापसाच्या रांगेत आभार कसे चालतात ते शांताबाईला ठाऊक होतं. पावती हातात पडली की माणूस खिडकीशी रेंगाळतो. "बरं झालं ताई, तुमचे उपकार झाले," म्हणतो. मग चहा पाठवतो. मग हरभऱ्याची जुडी आणतो, संत्री आणतो. आणि पुढच्या खेपेला गाडी काट्यावर चढली की खिडकीकडे पाहून नुसतं हसतो. त्या हसण्यात सगळं मागणं आलं. उर्वशीच्या आधी खिडकीत बसणारा माणूस ते हसणं ओळखायचा. उर्वशीही ओळखत होती. म्हणून आभार आले की ती मान हलवायची, "ऐकलं, भाऊ. बरं वाटलं," म्हणायची आणि लगेच, त्याच आवाजात, "पुढची गाडी येऊ द्या." माणसाला अपमानही वाटू नये आणि तिथं थांबताही येऊ नये, अशी आवाजाची पट्टीच तिनं तयार केली होती.

यशवंतरावांच्या बाबतीत ती पट्टी पुरली नाही.

यशवंतराव म्हणजे मोठा बगीचेवाला माणूस. संत्र्याचा बगीचा, खाली काळ्या जमिनीत कापूस, पांढरं धोतर, पायात नवे बूट. मनानं वाईट म्हणवणार नाही. लग्नाकार्यात सगळ्यांच्या आधी पोचणारा, पंगतीत आग्रह करकरून वाढणारा. एकदा त्यांचा कापूस उतरवून झाला आणि रिकामी ट्रॉली परत काट्यावर चढली. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की कापूस किती ते निघतं. आता रिकाम्या ट्रॉलीसोबत काट्यावर आणखी कोणी उभं राहिलं, तर रिकामं वजन वाढतं आणि तेवढा कापूस शेतकऱ्याच्या हिशोबातून गुपचूप गळून जातो. शेठचे हमाल नेमके तेव्हाच काट्यावर येऊन गप्पा मारत उभे राहायचे. कोणी सांगितलेलं नसायचं. कोणी हटकलेलंही नसायचं.

त्या दिवशी हमालांचा मुकादम प्रफुल्ल आणि त्याचे दोघे सोबती ट्रॉलीच्या चाकाला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. उर्वशी केबिनीतून बाहेर आली.

"प्रफुल्लदादा, काट्यावरून उतरा. तिघंही."

"अवो ताई, आमी काय वजनात येतो का? वाऱ्यानं उडून जाऊ आमी!"

बाकीचे हसले. उर्वशी हसली नाही, चिडलीही नाही. हात बांधून उभी राहिली. मागं हॉर्न वाजायला लागले. ती उभीच. शेवटी प्रफुल्ल तोंड वाकडं करत उतरला, त्याच्या मागं दोघे उतरले, आणि मग तिनं आत जाऊन पावती काढली.

यशवंतराव हे सगळं टपरीवर बसून पाहत होते. हातातला ग्लास तसाच ठेवून ते खिडकीकडे धावले.

"पोरी! माझा कापूस वाचवला तू! इतकी वर्षं हे लेकाचे माझ्या उरावर उभे राहत होते, कोणाच्या बापानं उतरवले नाहीत!"

"काकाजी, कापूस तुमचाच होता," उर्वशी म्हणाली. "काट्यावरची माणसं मी सगळ्यांच्याच वेळी उतरवते. ऐकलं, बरं वाटलं. पुढची गाडी येऊ द्या."

"नाही, नाही. हे असं सोडता येत नाही," यशवंतराव म्हणाले. आणि खरंच, त्यांनी ते सोडलं नाही.

दोन दिवसांनी त्यांच्या माणसानं संत्र्याची पेटी आणून खिडकीत ठेवली. निवडक फळ, वर झाडाचा पाला. उर्वशीनं पेटीकडे पाहिलं, आणलेल्या माणसाकडे पाहिलं आणि पेटी उचलून टपरीच्या फळीवर आणून ठेवली. "मावशी, काकाजींनी सगळ्यांसाठी पाठवली. रांगेतल्यांना द्या, हमालांनाही द्या." संध्याकाळपर्यंत काट्याभोवती साली पडल्या होत्या. शांताबाईनं स्वतः दोन खाल्ली आणि मनात म्हणाली, पोट्टी हुशार आहे. घेतलंही नाही आणि परतही पाठवलं नाही.

ही गोष्ट यशवंतरावांच्या कानावर गेली तेव्हा ते म्हणाले म्हणे, "लाजाळू आहे. आपणच काही तरी केलं पाहिजे."

सोमवारी सकाळी शांताबाई दूध घ्यायला बसस्टँडवर गेली आणि तिथंच थबकली. रसवंतीच्या वर, विजेच्या दोन खांबांना बांधलेला एवढा मोठा फ्लेक्स. मधोमध उर्वशी. कोणाच्या तरी लग्नातला फोटो, जरीची साडी, आणि खांद्यावर कोणा बाईचा अर्धा कापलेला हात. तिच्यापेक्षा मोठे, हात जोडलेले यशवंतराव. त्यांच्या खाली त्यांची दोन्ही मुलं, जावई आणि गॉगल लावलेला नातू. आणि अक्षरं: शेतकऱ्यांच्या कापसाची काळजी घेणाऱ्या उर्वशीताई डोंगरे यांचे हार्दिक आभार.

शांताबाईनं ते दोनदा वाचलं. तेवढ्यात लोधीखेड्याची बस आली आणि उर्वशी उतरली. सवयीनं रस्ता ओलांडायला निघाली, वर पाहिलं, आणि तिथंच उभी राहिली. मागून येणारा एक रिक्षावाला थांबून एकदा तिच्याकडे, एकदा फ्लेक्सकडे पाहत म्हणाला, "अरे! तुम्हीच का?"

उर्वशी त्याच्याकडे न बघता शांताबाईजवळ आली. "हा फोटो माझ्या मामेबहिणीच्या लग्नातला आहे," ती म्हणाली. "माझ्या घरचा आहे. ह्यांना कोणी दिला?"

प्रफुल्लनं दिला होता. कोणाच्या मोबाइलवरून कोणाच्या मोबाइलवर गेलेला. विचारल्यावर तो म्हणाला, "चांगल्या कामासाठीच मागितला ना यशवंतरावनं?"

दुपारपर्यंत रांगेत दुसरा विषय नव्हता. टपरीवर बसलेल्या माणसांचं बोलणं शांताबाईच्या कानात तापल्या तेलासारखं पडत होतं.

"काळजी घेते म्हणे कापसाची."

"कशी घेते बुवा?"

"यशवंतरावची घेतली, आपली कायले नाही घेत?"

"त्याचा बगीचा आहे, तुझ्याजवळ काय आहे? बकरी?"

मोठा हशा झाला. तिगावकडचा एक म्हातारा शेतकरी मात्र हसला नाही. पावती उलटीसुलटी करत तो हळूच म्हणाला, "म्हंजे आपल्या पावतीत काही कमी असंन का?" शांताबाईला हसणाऱ्यांपेक्षा ह्या म्हाताऱ्याचा जास्त राग आला, आणि मग त्याच्यावरचा राग जाऊन त्या फ्लेक्सवर बसला. कालपर्यंत हाच माणूस पावती न वाचता खिशात घालत होता. एका आभाराच्या बोर्डानं त्याचा विश्वास उडवला.

सुट्टीत उर्वशीनं टपरीवरूनच यशवंतरावांना फोन लावला. शांताबाईनं स्टोव्ह मुद्दाम बारीक केला.

"काकाजी, उर्वशी बोलून राहिली. तुमचे आभार मला पोचले, त्या दिवशीच पोचले. बोर्ड आज उतरवा."

पलीकडून यशवंतरावांचं हसणं टपरीभर ऐकू आलं. "अवो, लाजतेस कायले? अख्ख्या सौंसरात नाव झालं तुझं!"

"लाजत नाही, काकाजी. मी ज्या जागेवर बसते, तिथं कोणा एकाचं नाव माझ्या नावासोबत नको. माझा फोटोही नको. उतरवा, मी विनंती करून राहिली."

"पाहू, पाहू. आठ-दहा दिवस राहू दे. पैसे भरले आहेत ना जागेचे."

फोन बंद झाला. शांताबाईनं सांडशी फळीवर आपटली. "मी जाते आन फाडून टाकते. आत्ता जाते!"

"नका फाडू, मावशी."

"कायले? तुले काही वाटून नाही राहिलं का? दगड आहे का तू?"

उर्वशी ग्लास विसळत होती. "तुम्ही फाडलं तर उद्या भांडणाची गोष्ट होईल. आता निदान बोर्डाची गोष्ट आहे," ती म्हणाली आणि ग्लास पालथा ठेवून गेली.

संध्याकाळी भूपेंद्र शेठनं तिला ऑफिसात बोलावलं. ऑफिसाचं दार उघडंच होतं आणि शेठचा आवाज बारीक कधी नव्हताच. पगार कोणाचा खातेस आणि बोर्ड कोणाचे लागतात, असं तो विचारत होता. तिनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. शेठला ती पोरगी आवडत नव्हती, पण तिच्यामुळे रांग लांब झाली होती. दूरदूरचे शेतकरी तिथं कापूस घेऊन यायला लागले होते. म्हणून त्यानं तिला ठेवलं होतं, आणि त्या दिवशीही ठेवलं.

मग यशवंतरावांची दुसरी खेप आली.

सकाळची कोवळी उन्हं होती, रांग फाटकाबाहेर गेली होती. ट्रॉली काठोकाठ भरलेली, आणि कापसाच्या ढिगावर चार माणसं पाय सोडून आरामात बसलेली. आणखी दोन मागच्या बाजूला कापसात अर्धी रुतलेली, नुसती डोकी दिसत होती. गाडी काट्यावर चढली. माणसं उतरली नाहीत. भरल्या गाडीवर माणसं बसली की त्यांचं वजनही कापूस म्हणून मोजलं जातं. हमाल उभे राहायचे तोच खेळ, फक्त उलट्या बाजूनं.

यशवंतराव खिडकीशी आले, दोन्ही कोपरं खिडकीवर टेकली आणि हसले. तेच हसणं.

"काय ताई. आपलीच गाडी आहे."

"माणसं उतरू द्या, काकाजी. मग वजन घेते."

"अवो, हलकी माणसं आहेत. उपाशी आहेत बिचारी!" रांगेत हशा पिकला. वरचा एक जण म्हणाला, "ताई, मी तर सकाळपासून चहाही नाही प्यालो!"

उर्वशी थांबली. हशा विरला. हॉर्न वाजला. ती बाहेर आली नाही, आवाज चढवला नाही, बटणाला हातही लावला नाही.

यशवंतरावांचं हसू हळूहळू आवळलं. ते खिडकीत आणखी वाकले, पण त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. "बोर्ड लावला मी तुझ्या नावाचा. एवढा मान कोणी दिला होता तुले?"

"बोर्ड मी मागितला नव्हता, काकाजी. आभार मात्र मी घेतले. मनापासून घेतले. त्यात आजचं वजन नव्हतं." मग त्याच हळू आवाजात, "माणसं उतरवा. मागं गाड्या थांबल्या आहेत."

यशवंतराव ताठ झाले. वळले. आणि रांगेकडे पाहून, कोणा एकाला उद्देशून नव्हे पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "यायले जरा मान दिला का हे असे डोक्यावर बसतात."

 'यायले' म्हणजे कोणत्या जातीला, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं होतं. रांगेतल्या निम्म्या माणसांनी खाली पाहिलं. काहींनी पाहिलंही नाही. त्यांना त्यात खाली पाहण्यासारखं काही वाटलं नसावं. शांताबाई हे सगळं पाहत होती. तिला स्वतःचंही एक वाक्य आठवलं, मोरीत चहा ओतताना बोललेलं, आणि त्यानं ती आणखीच पेटली. हातात सांडशी तशीच घेऊन ती काट्यावर आली.

"यायले म्हंजे कोणाले हो, यशवंतराव?"

"तू मधात नको पडू, शांताबाई. तुझा चहा सांभाळ."

"चहा उकळून राहिला, त्याची काळजी नको. मी विचारून राहिली, यायले म्हंजे कोणाले? मोठ्यानं बोलले ना? मग आताही मोठ्यानं सांगा! ह्या पोरीनं तुमच्या गाडीजवळून हमाल उतरवले तवा ती तुमची पोरगी होती. बोर्डावर लिवलं तवा ताई होती. आज तुमची माणसं उतरवून राहिली तर लगेच 'यायले' झाली का?"

"तोंड सांभाळून बोल!"

"तुमीच सांभाळलं असतं तर मले कायले बोला लागलं असतं?"

"मावशी," खिडकीतून आवाज आला. तेवढाच. "पुरे. माणसं उतरून राहिली."

खरंच उतरत होती. वरचे चौघे खाली मान घालून एकेक उडी मारत होते. मागचे दोघे कापसातून बाहेर निघताना सदऱ्याला चिकटलेला कापूस झटकत होते. ज्यानं चहा प्यालो नाही म्हटलं होतं, तो उर्वशीच्या खिडकीसमोरून जाताना म्हणाला, "ताई, आमाले मालकानं बसवलं." ती म्हणाली, "माहीत आहे, भाऊ," आणि बटण दाबलं.

यशवंतरावांनी पावती घेतली, न वाचता चुरगाळली आणि गाडी रिकामी न करताच फाटकाबाहेर वळवली. जाताना ओळखीच्या दोघा-तिघांना हात केला. त्यांच्याही गाड्या रांगेतून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र शेठनं निकाल दिला. शांताबाई ऑफिसात चहा द्यायला गेली होती आणि चहा देऊन झाल्यावरही हलली नाही.

"वजन तुझं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही," शेठ म्हणाला. "पण माणूस गेला ना. त्याच्यामागं गाव जाते. तू असं कर, शाल-श्रीफळ घेऊन त्याच्या घरी जाऊन ये. काकाजी चुकलं म्हण. शालीचा खर्च माझा. नाही तर खिडकी सोड आन आत कापसाच्या गाठी मोजायले बस."

"शेठ, तिनं तुमचाच कापूस वाचवला!" शांताबाईच्या तोंडून निघून गेलं. "सहा माणसं कापूस म्हणून विकत घेतली असती तुमी!"

"तू कप उचल, शांताबाई."

उर्वशी उभी होती. ओढणीच्या दोन्ही पिना जागेवर. "शेठ, तुम्ही मला ह्या खिडकीत बसवलं, त्याचे आभार मानते. खरंच मानते. पण चूक झाली नाही तर माफी कशाची मागू? मी नाही जाणार. आणि गाठी मोजायलाही नाही बसणार." तिनं केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. गजाला बांधलेलं पेन तिचं स्वतःचं होतं. जाता जाता ते सोडून घेतलं आणि निघाली.

शांताबाईनं तिला टपरीवर गाठलं, जवळजवळ ओढून बसवलं. आता तिचा सगळा राग उर्वशीवरच होता.

"ओरडली कायले नाही तू? त्या यशवंतरावावर नाही, ह्या शेठवर नाही! मी अडाणी बाई बोंबलून राहिली आन तू 'आभार मानते' म्हणून राहिली! आग नाही का होत तुझ्या पोटात?"

उर्वशीनं सोडून आणलेल्या पेनाची दोरी बोटाभोवती गुंडाळली.  

"काल घरी गेल्यावर मी भांडं फेकलं, मावशी. बाबांनी उचलून ठेवलं, काही विचारलं नाही. त्यांना सवय आहे, त्यांनी नोकरीत सगळं ऐकलेलं आहे." तिनं गुंडाळलेली दोरी सोडवली. "मी काट्यावर ओरडले असते ना, तर आज सगळ्यांनी म्हटलं असतं, डोंगऱ्याची पोरगी भांडकुदळ आहे. त्याची सहा माणसं वर बसली होती हे कोणाच्याच लक्षात राहिलं नसतं. मला ते लक्षात राहायला पाहिजे होतं."

पातेल्यातला चहा उतू जायला आला होता, तो शांताबाईनं खाली उतरवला. ग्लास भरला आणि हातात धरून घुटमळली. पहिल्या दिवशीचा परत आलेला चहा तिला आठवला.

"हा रांगेतल्या कोणाचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे."

"द्या," उर्वशी म्हणाली. "आता मी काट्यावर नाही." आणि बाहेर गाड्यांची रांग उभी असताना, सगळ्यांसमोर, ती तो चहा सावकाश प्यायली. ह्या वेळी ग्लास विसळला नाही. तसाच फळीवर ठेवला आणि बसस्टँडकडे निघाली.

त्याच दुपारी शांताबाईनं टपरी बंद केली. कापसाच्या दिवसांत, भर रांगेत. बसस्टँडवर जाऊन रसवंतीवाल्याचं स्टूल मागून घेतलं, साडी खोचून वर चढली आणि भाजी चिरायच्या चाकूनं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. लोक जमले. कोणी तरी विचारलं, "कोणाला विचारून काढून राहिल्या, मावशी?"

"जिचा फोटो आहे, तिनं सांगितलं होतं. जवा सांगितलं, तवाच कोणीतरी काढाले पाहिजे होता," शांताबाई म्हणाली. "कोणाले बोलायचं आहे का? या, खाली उतरते." उर्वशीचा चेहरा आत येईल अशी तिनं फ्लेक्सची घडी घातली आणि काखेत मारून घरी नेली.

उर्वशी सध्या पांढुर्ण्याला खोली करून राहते. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून रस्त्यावर गाड्या वाढल्या. तिगावच्या वाटेवर एक नवा धर्मकाटा निघाला, तिथल्या खिडकीत ती बसते. तो काटा कोणा जिनिंगचा नाही. घेणारा नि विकणारा दोघंही तिथं वजन करून मग आपापल्या वाटेनं जातात. रविवारी ती लोधीखेड्याला वडिलांकडे जाते आणि येता-जाता सौंसरला उतरून शांताबाईकडे चहा पिते. संत्र्याच्या दिवसांत बाहेरचे व्यापारी तिच्याच काट्याची पावती मागतात, त्यामुळे यशवंतरावांच्या संत्र्याच्या गाड्याही तिथंच मोजल्या जातात. ते स्वतः येत नाहीत, ड्रायव्हरला पाठवतात. गाडी काट्यावर चढवली की ड्रायव्हर उतरून बाजूला उभा राहतो.